फलाफलचे वाढपी

परभणीहून भूगावला राहायला आले, त्या संध्याकाळी माझ्या घरमालकांनी मला ना भाड्याचं विचारलं ना आधार कार्ड मागितलं. दोन बॅगा जिन्यात पडलेल्या, गादीची वळकटी टेम्पोवाला फाटकाशी टाकून गेलेला, आणि हे गृहस्थ पायजमा-सदऱ्यात, काखेत कापडी पिशवी धरून माझ्यापुढे उभे. म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हटलं, "नाही, बघते काहीतरी." "त्यात बघायचं काय? चल." आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे नानींनी, सांगितलं, "पोरी, जा तू त्यांच्यासंगं. न्हाई गेलीस तर मला ऐकाया लागंल." मग मी गेले.

नेलं कुठे, तर पौड रस्त्याच्या कडेला, हमीदच्या टपरीवर. निळ्या पत्र्याचा डबा, वर 'अस्सल लेबनीज' असा बोर्ड, पुढे प्लास्टिकची स्टुलं, आणि एका अंगाला चिकनचा तो उभा फिरणारा खांब. हमीद मूळचा महाडकडचा. दुबईत एका लेबनीज हॉटेलात बरीच वर्षं काढून परत आलेला, चाळिशी उलटलेला शांत माणूस. आम्हाला येताना पाहून त्यानं काही न विचारता कढईत फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे गोल वडे, सोडले. मी तोवर लेबनीज म्हणून काही खाल्लेलं नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळी बाहेर खायचं म्हणजे मिरची-भजी नाहीतर कचोरी.

हमीदनं माझ्या हातात कागदात गुंडाळलेला रोल दिला. मी तोंड उघडलं, तोच नानांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो, पुढे मीही म्हणायला लागले. पिशवीतून त्यांनी स्टीलची दोन ताटं काढली, स्टुलावर मांडली आणि रोल सोडायला बसले. "आसं गुंडाळून हातात देणं म्हंजी पाव्हण्याला शिदोरी बांधून वाटंला लावणं," ते म्हणाले. "पाव्हणा बसाया आलाय न्हवं?" मग सलगमचं गुलाबी लोणचं ताटात डावीकडे वर, लसणाची पांढरी चटणी त्याच्या खाली, फलाफल त्याच्याही खाली, खुबूस म्हणतात ती मऊ रोटी मधे, घडी घालून. लिंबाच्या फोडी. एवढं झाल्यावर म्हणाले, "हां. आता जेव."

बाई गं, काय सांगू. वरून खरपूस, आत हिरवंगार, कोथिंबिरीचा आणि जिऱ्याचा वास, त्यावर ती लसणाची चटणी, टाळूपर्यंत झणका. मी दिवसभर ट्रॅव्हल्समधे आंबलेली, आणि तिथे रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात, मी हावऱ्यासारखी खात सुटले. नाना माझ्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. ताटातला एक फलाफल संपायच्या आत दुसरा येऊन पडत होता आणि मला हात आडवा करायची उसंत मिळत नव्हती. शेवटी म्हणाले, "लिंबू दोन खातीस तू." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'दोन लिंबंवाली'. माझं नाव त्यांना आजतागायत सांगता येणार नाही, पैज लावते.

सगळ्यांच्याच बाबतीत त्यांचं हे असं. नानी म्हणायच्या, "ह्यांना मान्साचं तोंड ध्यानात ऱ्हात न्हाई, ताट ऱ्हातं." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे 'कोशिंबीर न खाणारा'. खालच्या खोलीतला माझ्यासारखाच कंपनीत जाणारा मुलगा 'भात कालवून ठेवणारा'. कारण नाना वाढपी होते. भूगावपासून पार माल्यापर्यंत कुणाकडे लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, पंगत वाढायला यांना बोलावणं असायचं. पैसे घ्यायचे नाहीत. स्वतःची चांगली भातशेती होती, पुढे तिच्यातली थोडी गेली, खोल्या झाल्या, भाडी आली. पण पंगत म्हटली की कमरेला उपरणं आवळून, हातात बुंदीची बादली घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हा माणूस वाकलेला. लोक सांगतात, शंभर माणसं बसलेली असोत, नानांच्या हातून एक पान कधी चुकलं नाही. कोण पोटभर जेवलंय, कोण लाजतंय, कोणाला वाढलं की राग येईल आणि कोणाला नाही वाढलं की येईल, सगळं त्यांना ताटावरून कळायचं. 'वाढू का?' असं विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. "का इचारलं की मानूस न्हाई म्हंतो. किती, इचारायचं."

मग बुफे आले आणि नाना बेकार झाले. लग्नात जायचे ते फक्त अक्षता टाकायला, न जेवता परत. "सोताच्या मान्सांच्या लग्नात ताट घिऊन रांगंला हुबं ऱ्हायचं, आन समूरनं टोपी घातल्यालं पोरगं चमचाभर पनीर टाकनार. हे काय जेवान हाय?" वर्षानुवर्षं असे रुसून घरी बसलेले नाना, आणि एक दिवस घरापासून चालत पाच मिनिटांवर हमीदची टपरी उघडली. सहज म्हणून गेले, फलाफल खाल्ला, आणि नानी सांगतात, घरी आले ते नव्या नवरदेवासारखे. सोमवारी चालतं, गुरुवारी चालतं, शनिवारी चालतं, हरभऱ्याचं आहे, तळलेलं आहे, सोबत चटणी आहे, लोणचं आहे, म्हणजे पंगतीचं सगळं सामान आहे आणि वाढायला कुणी नाही. एवढं त्यांना पुरेसं होतं.

फक्त हमसनं, म्हणजे उकडलेल्या काबुली चण्यांच्या त्या मऊ वाटणानं, त्यांना फार छळलं. चटणी, लोणचं, भजी पानात डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मग हमस कुठे? "दिसाया चटनी, खायाला भाजी. वाटीत द्यावं तर पातळ न्हाई, पानात द्यावं तर पसरतंय." याच्यावर त्यांनी मला विचारलं, सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला विचारलं, कुरिअरवाल्याला थांबवून विचारलं. एकदा सकाळी सकाळी माझं दार वाजलं. मला वाटलं, पाण्याची मोटर जळली. दारात नाना, चेहरा उजळलेला. "भाजीच हाय ती. उजवीकडंच जानार." मी डोळे चोळत म्हटलं, "बरं नाना." संध्याकाळी टपरीवर पाहिलं तर हमस पुन्हा डावीकडे.

शेवटी त्यांनी हमीदलाच गाठलं. तुमच्या त्या लोकांत हे नक्की कुठे वाढतात? हमीद खुबूस शेकता शेकता म्हणाला, "नाना, तिकडे वाढत नाहीत. मधोमध मोठी ताटली ठेवतात, सगळे तिच्यातूनच रोटीनं घेऊन खातात." "आन मंग वाढपी काय करतो?" "वाढपी नसतोच." त्या दिवशी नाना काही न खाता घरी आले, टीव्हीसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आसंल त्यांचं. आपल्याकडं वाढनार." आणि पुन्हा उत्साहानं निघाले.

मी हसायचे, पण मला तिथे जायचं वेड लागलं. ऑफिसची बस चांदणी चौकातून वळली की मी आधीच दाराशी जाऊन उभी राहायचे. आज गर्दी किती असेल, नाना कुणाला पकडून बसवतील. कारण ते सुटायचे नाहीत. गाडीच्या बॉनेटवर रोल ठेवून खाणारा कुणी दिसला की हे ताट घेऊन हजर. पहिल्यांदा लोक दचकायचे, मग बसायचे, मग दुसऱ्या रविवारी घरच्यांना घेऊन यायचे आणि विचारायचे, "ते काका कुठे आहेत?" हमीद मला एकदा हळूच म्हणाला, "लोक माझं खायला येतात की नानांचं, मलाच कळत नाही." पण खूष होता.

आता थोरल्यांबद्दल सांगते. थोरले म्हणजे नानांचे सख्खे मोठे भाऊ, रस्त्यापलीकडच्या बंगल्यात एकटे राहणारे. तेही रोज संध्याकाळी टपरीवर यायचे. कडेच्या स्टुलावर, नानांकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कवळी त्यांना सोसायची नाही, ती खिशात असायची, आणि दाताशिवाय खाता येईल असं भूगावात एकच होतं, हमीदचं हमस आणि मऊ खुबूस. दोघं भाऊ दहा हातांवर बसायचे आणि एका शब्दानं बोलायचे नाहीत.

कारण मला नानींनी सांगितलं. थोरल्यांच्या मुलीचं लग्न होतं. वाढायला अर्थातच नाना. नवऱ्या मुलीचा बाप व्याह्यांच्या शेजारी पंगतीला बसलेला. नाना बुंदी वाढत आले, थोरल्यांच्या पानाशी बादली संपली, भरून आणायला आत गेले, आणि परत आले ते पुढच्या पानापासून सुरू झाले. व्याह्यांच्या पानात बुंदी पडली, मुलीच्या बापाच्या पानात नाही. सगळ्या पंगतीनं पाहिलं. आदल्याच दिवशी मांडव कुठे घालायचा यावरून दोघांची खडाजंगी झाली होती. थोरले भरल्या ताटावरून उठले आणि म्हणाले, "हितनं म्होरं तुझ्या हातचं पानी बी न्हाई प्यायचो."

त्यानंतर नानांनी किती निरोप धाडले, मामांना मधे घातलं, स्वतः उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. चूक झाली म्हणाले. थोरल्यांचं उत्तर एकच. "दुसरा कुनी वाढपी आस्ता तर चूक म्हनून सोडून दिलं आस्तं. ह्यो चुकत न्हाई. साऱ्या मुलकाला ठावं हाय, ह्यो चुकत न्हाई."

ज्या गोष्टीसाठी अख्खा तालुका ज्यांचं कौतुक करायचा, तीच त्यांच्या मुळावर आली होती. मी नानांना म्हटलंसुद्धा, "नाना, माफी मागून टाका ना. मुद्दाम केलं म्हणा आणि माफी मागा, मिटेल तरी." ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "केलंच न्हाई त्याची माफी मागू? तवर मी भाऊ हाय त्याचा. आसं बोललो की मंग मी कोन ऱ्हातो?"

थोरले टपरीवर असले की नाना कशालाही हात लावायचे नाहीत. एकदा हमीदची धांदल होती म्हणून नानांनी हमस वाटीत काढून दिलं. हमीद ती वाटी घेऊन थोरल्यांकडे गेला. थोरल्यांनी विचारलं, "कुनी काढलं?" हमीदला खोटं बोलता येत नाही. वाटी तशीच परत आली. तेव्हापासून थोरल्यांची स्कूटर दिसली की नाना दोन्ही हात काखेत घालून बसायचे, थंडी वाजल्यासारखे. मला ते बघवायचं नाही. मी उगाच बडबड करत सुटायचे.

आणि मग दिवाळीच्या आधी कळलं की थोरले भूगाव सोडतायत. त्यांची तीच मुलगी, लग्नातली, त्यांना कायमचं नागपूरला घेऊन चालली होती. बंगला भाड्यानं जाणार होता. सोमवारी निघणार, असं मला पेपरवाल्याकडून समजलं. नानांना मी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतंच. आठवडाभर त्यांनी हमस डावीकडे की उजवीकडे हा विषयच काढला नाही. शनिवारी एवढंच म्हणाले, "नागपूरला त्याला खाया काय मिळनार गं? त्याला दात न्हाईत." मी म्हटलं, "मिळतं नाना तिथे सगळं." ते म्हणाले, "मिळंल. वाढनार कोन?"

रविवारी संध्याकाळी काय गर्दी झाली. मुळशी धरणावरून परतणाऱ्या गाड्या, पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला, सगळा रस्ता तुंबलेला आणि भुकेली माणसं गाड्यांतून उतरून टपरीवर. हमीद एकटा. कढई बघू की रोटी बघू की पैसे घेऊ, अशी त्याची दैना. नाना स्टुलावर हात काखेत घालून, कारण थोरले त्यांच्या जागेवर होते. नानांची नुसती घालमेल. पोरं रडतायत, बायका विचारतायत किती वेळ, कुणी हमीदवर खेकसतंय. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उठा नाना." ते उठले.

बघण्यासारखं होतं ते. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी गाड्यांशी उभी असलेली सगळी माणसं रस्त्याकडेच्या लांबलचक कठड्यावर ओळीनं बसवली. "बसून घ्या, बसून घ्या, समद्यांना मिळंल." जीन्सवाल्या पोरी, टक्कल पडलेले साहेब, कडेवर मूल घेतलेली बाई, सगळे गुमान बसले. मी कागदी ताटल्या वाटत सुटले. कमरेला उपरणं नव्हतं, तर नानांनी हमीदचा टॉवेल आवळला. एका बादलीत फलाफल, खांद्यावर खुबूसची चवड, आणि वाकून, पहिल्यापासून, "किती? दोन घे. आजून येक घे." हसू, आवाज, लसणाचा घमघमाट. ट्रक हलला तरी कुणी उठेना. माझा ऊर आनंदानं भरून आला होता, ओरडावंसं वाटत होतं.

ताटल्या वाटून झाल्यावर मीही एक घेऊन बसले. जागा राहिली होती ती कठड्याच्या मधेच, थोरल्यांच्या स्टुलाला लागून. थोरल्यांच्या मांडीवर त्यांची ताटली होती, हमीदच्या घाईत रिकामीच राहिलेली. नाना वाढत वाढत आमच्यापर्यंत आले. थोरल्यांच्या ताटलीजवळ त्यांचा हात आखडला, ते नजर न उचलता बाजूला सरले. बादली संपली होती. वळून टपरीकडे गेले, भरून आणली, आणि परत येऊन माझ्या पलीकडच्या बाईपासून सुरू झाले. तिला तीन फलाफल दिले, पुढे गेले.

मला वाटलं, येतील परत.

"आरं," थोरले बोलले. इतक्या वर्षांत भावाशी बोललेला तो पहिला शब्द. "आरं, ह्या पोरीचं चुकवलंस."

नाना वळले. "कुनाचं?"

"हिचं. हितं बसलीया न्हवं ती."

नानांनी माझ्या ताटलीकडे बघितलं. ती कोरी होती. त्यांचा चेहरा पडला. खरंच दिसली नव्हती मी त्यांना. त्यांची दोन लिंबंवाली, त्यांच्या डोळ्यांसमोर बसलेली. "म्या वाढलं न्हाई हिला?" ते मलाच विचारत होते.

थोरले माझ्या ताटलीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या. मग नानांच्या हातातल्या भरलेल्या बादलीकडे. कठड्यावरची माणसं माना वळवून बघायला लागली, का ते त्यांना माहीत नव्हतं.

"तवा बी," थोरले म्हणाले, "आसंच झालं?"

"तवा बी आसंच झालं, दादा."

"बादली सपली."

"बादली सपली. भराया गेलो. आलो त्यो म्होरच्या पानाव आलो."

थोरल्यांनी मान हलवली, सावकाश, दोन-तीनदा. "म्हंजी तू चुकतोस," ते म्हणाले. "मला वाटलं, तू चुकत न्हाईस." आणि त्यांनी मांडीवरची ताटली उचलून नानांपुढे धरली. "वाढ की मंग."

नाना हमस आणायला गेले ते जवळजवळ पळत. परत आले ते वाटी काठोकाठ भरून. थोरल्यांच्या ताटलीत हमस वाढलं, त्यावर तेल सोडलं, खुबूसचे तुकडे स्वतः करून ठेवले, दाताशिवाय खाता येतील एवढाले. थोरल्यांनी पहिला घास घेतला, चघळला, गिळला. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. मी रडत होते, हमीद पाठ करून उभा होता, आणि पलीकडची ती बाई मला विचारत होती की तिखट लागलं का.

थोरल्यांनी दुसरा घास घेतला आणि शेजारचं स्टूल पायानं पुढे सरकवलं. "पुरं आता. बस, तू बी खा."

नाना बसले. हमीदनं येऊन दोघांना वाढलं. माझी ताटली तशीच कोरी राहिली, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मला भूकच उरली नव्हती.